सहीपुरते पालक
मुंबई महापालिका शिक्षणाचा अर्थसंकल्प वेगळा मांडते. 2025-26 साली तो 3,900 कोटींच्या वर होता. पण 7 मार्च 2022 ला नगरसेवकांची मुदत संपली आणि 2023 ते 2025 हे तीन अर्थसंकल्प सभागृहाविनाच पार पडले. हाताखालच्या अधिकाऱ्याने मांडायचा, आयुक्तांनीच प्रशासक म्हणून स्वीकारायचा! त्याआधी नगरसेवकांच्या शिक्षण समितीतला गोंधळ काही फार उदात्त नसे. भाषणं लांबत, सभात्याग होत. तरी गणवेश का रखडले, टॅब का बंद पडले, हे विचारायला तिथे कुणीतरी उभं राहायचं, आणि अधिकाऱ्याला उत्तर द्यावं लागायचं. याहून जवळची बैठक मात्र आपल्याच शाळेत भरते. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असायलाच हव्यात. शाळेचा विकास आराखडा तीच करते, अनुदानाच्या खर्चावर लक्षही तिनेच ठेवायचं. प्रत्यक्षात? चहा येतो, वही फिरते, सह्या होतात. तुमचं मूल महापालिकेच्या शाळेत असेल, तर पुढच्या बैठकीची तारीख मुख्याध्यापकांना विचारा, आराखडा मागा, आणि इतिवृत्त वाचल्याशिवाय सही करू नका.