दुबईतील घराचे भारतीय नियम आधी सांगा

प्रति,
माननीय गव्हर्नर, भारतीय रिझर्व्ह बँक, मुंबई
प्रत : अध्यक्ष, केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळ, नवी दिल्ली

विषय : परदेशात घर घेणाऱ्यांना भारतीय नियमांची माहिती व्यवहाराआधी मिळण्याबाबत

महोदय,

मुंबई-पुण्याच्या हॉटेलांत दुबईतील घरांची प्रदर्शने भरतात. दुबईच्या २००६च्या कायद्याने परदेशी नागरिकांना ठरावीक भागांत पूर्ण मालकी मिळते, २००७च्या कायद्यानुसार बांधकामाचे पैसे एस्क्रो खात्यात जातात, हस्तांतरणाला चार टक्के शुल्क लागते, एवढे गिऱ्हाइकाला तिथे समजते. पैसे मात्र भारतातून निघतात. इथले नियम अनेकांना बुकिंग झाल्यावर, बँकेत फॉर्म ए-२ भरताना कळतात.

परदेशी पैसे पाठवण्याच्या रिझर्व्ह बँकेच्या योजनेखाली (एलआरएस) एका व्यक्तीला आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरच पाठवता येतात. पती-पत्नींनी आपापल्या मर्यादा एकत्र करायच्या, तर घर दोघांच्या नावावर हवे. ही अट करार एकाच्याच नावे झाल्यावर कळली, तर पुढचा हप्ता अडतो.

पैसे पाठवताना बँक जो कर गोळा करते (टीसीएस), त्याचा फटका त्याहून मोठा. वर्षात एक कोटी रुपये पाठवणाऱ्याला पहिले दहा लाख वगळून उरलेल्या ९० लाखांवर २० टक्के, म्हणजे १८ लाख रुपये, वेगळे भरावे लागतात. विवरणपत्रात ते वळते होतात हे खरे, पण तोवर सोय ज्याची त्याने करायची.

घर ताब्यात आल्यावरही काम संपत नाही. प्राप्तिकर विवरणपत्राच्या ‘एफए’ (परदेशी मालमत्ता) परिशिष्टात ते दरवर्षी दाखवावे लागते. न दाखवल्यास २०१५च्या काळा पैसा कायद्याखाली दहा लाख रुपये दंड होऊ शकतो. वीस लाखांपर्यंतच्या परदेशी मालमत्तेला दिलेली सवलत स्थावर मालमत्तेला लागू नाही.

म्हणून निवेदनकर्त्या खरेदीदारांच्या मागण्या अशा :

१. फेमा (परकीय चलन कायदा), टीसीएस आणि विवरणपत्र यांचे नियम एकत्र सांगणारी मराठी पुस्तिका काढावी.
२. पहिली रक्कम पाठवण्याआधी बँकेने एका पानाचे माहितीपत्रक देऊन खरेदीदाराची सही घ्यावी.
३. बांधकाम सुरू असलेल्या घराचे हप्ते आणि क्रेडिट कार्डाने भरलेली बुकिंगची रक्कम यांबाबत नेमके काय चालते, ते उदाहरणांसह जाहीर करावे.
४. भारतातील घरखरेदीदारांना संरक्षण देणारा रेरा कायदा परदेशी प्रकल्पांना लागू होत नाही, ही सूचना प्रदर्शनांच्या जाहिरातींत ठळक छापणे बंधनकारक व्हावे, यासाठी संबंधित खात्यांकडे शिफारस करावी.

पुस्तिकेचा मसुदा करताना खरेदीदारांच्या प्रतिनिधींचे म्हणणे ऐकून घ्यावे आणि या निवेदनाला लेखी उत्तर द्यावे, ही विनंती.

आपले विश्वासू,
निवेदनकर्ते खरेदीदार, पुणे