जवळ त्यालाच येऊ द्या

रीलमध्ये सगळं तीस सेकंदांत आटपतं. गटाराशेजारी कुडकुडणारं कुत्रं, उचलणारे हात, आंघोळ, गळ्यात नवा पट्टा आणि शेवटी हलणारी शेपटी. प्रत्यक्षात घरी आणलेलं कुत्रं पलंगाखाली जाऊन बसतं, धड खात नाही, हात पुढे केला की गुरगुरतं. मग ‘याच्यासाठी एवढं केलं, तरी याचं असंच’ म्हणत आठवड्याभरात ते परत सोडायची भाषा सुरू होते. यात कुत्र्याचं काय चुकलं? घाई तर आपल्याला झालेली असते.

ही घाई आता जास्त महागात पडू शकते. सर्वोच्च न्यायालयाने 22 ऑगस्ट 2025 च्या आदेशात भटकी कुत्री दत्तक घेण्यासाठी महापालिकेकडे अर्ज करायची मुभा दिली; पण ते कुत्रं पुन्हा रस्त्यावर येणार नाही, ही जबाबदारीही दत्तक घेणाऱ्यावरच टाकली. 7 नोव्हेंबर 2025 च्या आदेशात शिक्षणसंस्था, रुग्णालयं, बसस्थानकं, रेल्वे स्टेशन यांच्या आवारातली कुत्री निवाऱ्यात हलवायला सांगितलं. म्हणजे कँटीनबाहेर आपण ज्याला बिस्किटं टाकतो, त्याचाही पत्ता बदलू शकतो. अशा वेळी ‘चल, घरी नेऊ’ असं वाटणं चांगलंच आहे. फक्त नेल्यानंतर काय, हे आधी माहीत हवं.

पिल्लू साधारण तीन ते चौदा आठवड्यांचं असताना माणसांशी त्याची ओळख पक्की होते. त्या काळात वाट्याला दगडच आले असतील, तर वाकलेला माणूस म्हणजे दगड उचलणारा माणूस, हा धडा ते कायमचा शिकतं. आपण प्रेमाने वाकतो, त्याला मात्र दगड दिसतो.

भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावलेल्या संत नामदेवांची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. माया तेवढीच असू द्या, धावणं मात्र टाळा. त्याला घरातला एक शांत कोपरा द्या आणि तिथे कुणीही त्याला ओढायला जायचं नाही. जेवण आणि फिरणं रोज ठरलेल्या वेळी. जवळ बसायचं तर जमिनीवर, त्याच्याकडे पाठ किंवा कूस करून, नजर न रोखता. खाऊ थोडा लांब टाका आणि पुस्तक वाचत बसा. ते हुंगायला आलं तरी लगेच डोक्यावर हात नको. आधी छातीला किंवा मानेच्या बाजूला दोन-तीन सेकंद खाजवा आणि थांबा. आणखी हवं असेल, तर तेच सरकून येईल.

शेपटी पायांत, कान मागे, सारखे ओठ चाटणं, झोप नसताना जांभया, डोळ्यांचा पांढरा भाग दिसणं, हे सगळं म्हणजे ‘मला भीती वाटते’. गुरगुरणं हा त्याच्या पुढचा इशारा. त्यावर ओरडलात, तर ते इशारा द्यायचं सोडेल आणि एक दिवस थेट चावेल. म्हणून रेबीजची लस आधी, लाड नंतर. चावलंच तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

शिवाय आपलं नाशिक ढोलासाठी प्रसिद्ध. आपल्याला ताल ऐकू येतो, नव्या कुत्र्याला मात्र पळून जावंसं वाटतं. पहिल्या वर्षी त्याला मिरवणुकीत नेऊ नका. दिवाळीत फटाके सुरू व्हायच्या आत फिरवून आणा, खिडक्या बंद करा आणि त्याच्यासोबत घरात थांबा.

सगळ्यात कठीण प्रश्न मात्र आपल्याबद्दलचा आहे. रूमवर राहत असाल, तर घरमालक हो म्हणालेत का? पुण्यात नोकरी लागली, तर त्याचं काय? नीट रुळायला त्याला महिने लागतील, कदाचित वर्षही. तेवढा वेळ नसेल तर दत्तक घेऊ नका, त्यात कमीपणा नाही. नसबंदी आणि लसीकरणाच्या कामात मदत करा. किंवा रविवारी एखाद्या निवाऱ्यात जाऊन, बुजलेल्या कुत्र्यापासून दहा फुटांवर तासभर नुसतं बसा. फोन खिशात ठेवून.