एकट्या बाईच्या भरवशावर

वारज्याच्या माळवाडीत, रामनगरात आईने चार घरची धुणीभांडी करून शिकवलेली मुलगी विशेष शिक्षिका होते, तेव्हा साऱ्या वस्तीची मान उंचावते. पण शाळेत पाऊल टाकल्यावर तिच्या वाट्याला काय येते? कुणाला ऐकू येत नाही, कुणी दोन मिनिटे जागेवर बसत नाही, कुणी अजून बोलत नाही. हाताशी मदतनीस नाही, साहित्य नाही. वर बदली तास आणि कागदपत्रे तिच्याच गळ्यात. पालक विचारतात, "बाई, आमचा पोरगा बोलणार कधी?" दिवाळीपर्यंत तिला वाटू लागते, आपणच नालायक आहोत.

आम्ही म्हणतो, दोष तिचा नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने ४० टक्के वा अधिक दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वर्षांच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क दिला. केंद्र सरकारने २०२२ साली ठरवले की, पाचवीपर्यंत अशा १० मुलांमागे व त्यापुढे १५ मुलांमागे १ विशेष शिक्षक हवा. राज्य सरकारने २०२४ साली ४८६० पदे मंजूर केली, ती केंद्रामागे एक. आणि एका केंद्रात शाळा अनेक! हिशेब तुम्हीच करा.

चूळपंथकाची गोष्ट आपण विहारात ऐकली आहे. चार महिन्यांत त्याला एक गाथा पाठ होईना, म्हणून सख्ख्या भावाने त्याला विहार सोडून जायला सांगितले. भगवंतांनी त्याच्या हाती स्वच्छ फडके दिले व 'रजोहरणं' म्हणत ते चोळायला सांगितले. फडके मळत गेले, तसे त्याला अनित्यतेचे ज्ञान झाले. ज्याला गाथा जमत नाही, त्याला फडके द्यावे, हेच विशेष शिक्षण.

तेव्हा नव्या बाईंनी प्रत्येक मुलासाठी महिन्याला एकच गोष्ट धरावी. शर्टाचे बटण लावणे, स्वतःचे नाव ओळखणे. झालेली प्रगती वहीत तारखेनिशी लिहावी, पालकांना दाखवावी. जे कमी आहे ते मुख्याध्यापकांना लेखी कळवून प्रत आपल्याकडे ठेवावी.

पालकांनी मूल घरात लपवू नये. दिव्यांग प्रमाणपत्र व युडीआयडी कार्ड काढावे. शाळा व्यवस्थापन समितीत उभे राहून विचारावे, "अशी मुले किती आणि शिक्षक किती?" महिला मंडळाने चिंचोके, बटणे, जुने कापड जमवून द्यावे. महिन्यातला एक रविवार विहारात परिसरातील विशेष शिक्षिकांना एकत्र बसू द्यावे. एकीची अडचण दुसरीने सोडवलेली असते.

सावित्रीमाईसुद्धा एकट्या नव्हत्या. १८५६ साली आजारपणामुळे त्या माहेरी नायगावी होत्या. तिथून जोतिरावांना लिहिलेल्या पत्रात त्यांना काळजी होती ती पुण्यात सारे काम अंगावर पडलेल्या फातिमाची. माईंनाही सोबतीण लागली, मग आमच्या लेकीने मदत मागितली तर त्यात कमीपणा कसला? 'संघटित व्हा' हे बाबासाहेबांनी सभेपुरते सांगितले नव्हते. ते शाळेच्या वर्गखोलीलाही लागू आहे.

जयभीम!