बशी आभाळाकडे, कापूस घरात



आभाळातून इंटरनेट येणार, अशी दवंडी पुन्हा पिटली गेली आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र सरकारने स्टारलिंक या अमेरिकन कंपनीशी इरादापत्र केले. गडचिरोली, नंदुरबार, वाशिम आणि धाराशिव या जिल्ह्यांपासून सुरुवात करू म्हणून सांगितले. त्यातले वाशिम आपल्या पऱ्हाटीचे, धाराशिव आपल्या ज्वारीचे. चांगली गोष्ट आहे. आम्ही काही यंत्राचे वैरी नाही. पण आभाळाकडे डोळे लावून बसण्याचा अनुभव कोरडवाहूवाल्याइतका कुणाच्या गाठीला नाही. म्हणून चार गोष्टी आधीच बोलून ठेवतो.

उपग्रहाचे आश्वासन नवे नाही. १९७५-७६ साली अमेरिकेचा उपग्रह वर्षभरासाठी उसना घेऊन सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० गावांत दूरचित्रवाणी दाखवली गेली, शेतीचे कार्यक्रमही झाले. त्या सहांत महाराष्ट्र नव्हता. वर्ष संपले, उसनवारीही संपली. मग २०११ साली अडीच लाख ग्रामपंचायतींना तारेने जोडायची योजना मंजूर झाली, तीच पुढे भारतनेट. जिथे तार पोचणे कठीण, अशा काही हजार ग्रामपंचायतींच्या छपरावर उपग्रहाची बशी बसवायचे ठरले. २०२३ साली त्याच योजनेला सुधारून पुन्हा १ लाख ३९ हजार कोटींची मंजुरी मिळाली. पैसा कुणाचा? २००२ पासून दूरसंचार कंपन्यांच्या उत्पन्नातला ५ टक्के वाटा खेड्यांना सेवा देण्याच्या नावाने वेगळा घेतला जातो. कंपनी तो घरून आणत नाही, तुमच्या-आमच्या रिचार्जातूनच देते.

आम्ही बैठका घेतो त्यांतल्या एका गावात ग्रामपंचायतीवर अशी बशी आहे. पहिले सहा महिने बरी चालली. मग बॅटरी बसली, आणि भारनियमन सुरू झाले की बशीही झोपू लागली. आभाळ भरून आले की मंद, पाऊस लागला की बंद. तक्रारीचा फोन लावला तर तिकडून उत्तर मिळाले की तक्रार इंटरनेटवरूनच नोंदवायची आहे!

हे असे का होते ते समजून घ्या, म्हणजे उद्या कुणी टोपी घालणार नाही. जुन्या पद्धतीचा उपग्रह जमिनीपासून सुमारे ३६,००० किलोमीटर उंचावर असतो. आपली विनंती वर जाते, खाली येते. तिचे उत्तर पुन्हा वर जाते, पुन्हा खाली येते. प्रकाशाच्या वेगाने धावले तरी या फेऱ्याला अर्धा सेकंद लागतो. एक पान उघडायला असे कितीतरी फेरे. तोवर सरकारी संकेतस्थळ म्हणते, तुमची वेळ संपली, पुन्हा सुरुवात करा. नव्या कंपनीचे उपग्रह सुमारे ५५० किलोमीटरवरच फिरतात, त्यामुळे हा उशीर बराच कमी होतो. हे खरे आहे आणि ते मान्य केले पाहिजे. मात्र मुसळधार पाऊस त्या लहरींनाही अडवतो, आणि वीज गेली की तीही बशी मुकीच.

आता आपल्या गळ्याला लागलेला फास बघा. २०२५-२६ च्या हंगामात भारतीय कापूस महामंडळाला हमीभावाने कापूस घालायचा तर ‘कपास किसान’ ॲपवर नोंदणी सक्तीची झाली. नोंदणीला पेऱ्याची नोंद हवी. पेऱ्याच्या नोंदीसाठी ई-पीक पाहणी, आणि ती शेतात उभे राहून फोटो काढून करायची. पहिली मुदत ३० सप्टेंबर. त्याच सप्टेंबरात मराठवाड्यात अतिवृष्टीने शेते वाहून गेली. मुदत वाढली, ओरड झाल्यावर वाढली. एकाधिकार खरेदीच्या काळात केंद्राबाहेर बैलगाड्यांची रांग लागायची, रात्र रात्र थंडीत काढावी लागायची. पण ती रांग निदान डोळ्यांना दिसायची, ग्रेडरशी भांडता यायचे. आताच्या रांगेत आपण उभे आहोत की नाही हेच कळत नाही. आणि १९ ऑगस्ट २०२५ पासून कापसावरचे ११ टक्के आयातशुल्क वर्षअखेरपर्यंत उठवले, तेव्हा परदेशी गाठींना कुठल्या ॲपवर रांग लावावी लागली?

या फासात आभाळातली बशी कुठे बसते? ग्रामपंचायतीच्या छपरावर. तिचे वाय-फाय चावडीच्या पाराच्या फार पुढे जात नाही. शेत तिथून दोन कोस. पिकाचा फोटो चावडीवर काढला तर ॲप घेत नाही. बरे, नोंदणी चावडीवर बसून करू म्हटले तर ओटीपी येतो आधारशी जोडलेल्या मोबाइलवर, मनोऱ्याच्या मेसेजने. ज्या गावात मनोरा नाही म्हणून बशी बसवली, त्याच गावात ओटीपी पोचत नाही. मुंबईत इरादापत्रावर सही करणाऱ्यांना हे कुणी सांगितले आहे काय?

घरोघरी बशी घ्या म्हणतील. जुलै २०२५ मध्ये केंद्राच्या दूरसंचार राज्यमंत्र्यांनीच सांगितले की या कंपनीला देशभरात २० लाखच जोडण्या देता येतील आणि महिन्याचा खर्च ३,००० रुपयांच्या आसपास राहील. एकट्या महाराष्ट्रात शेतीचे खातेदार दीड कोटीच्या वर आहेत. ३,००० प्रमाणे वर्षाचे झाले ३६,०००. २०२५-२६ चा लांब धाग्याचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये. म्हणजे साडेचार क्विंटलच्या आसपास कापूस, कोरडवाहू एकराचा जवळजवळ सगळा माल, एका बशीच्या भाड्यात. संकरित ज्वारीच्या ३,६९९ ने मोजले तर पावणेदहा क्विंटल. ही किंमत कापूस विकण्याची परवानगी मिळावी म्हणून मोजायची!

तेव्हा जिल्हा बैठकीत ठराव एवढाच घ्यायचा आहे. ज्या गावात चालणारी जोडणी नाही, तिथे ॲपची सक्ती नाही. तलाठ्याकडे किंवा खरेदी केंद्रावर कागदावर दिलेली नोंद तितकीच ग्राह्य धरली पाहिजे. सेवा जितके दिवस बंद, तितके दिवस त्या गावाची मुदत आपोआप पुढे गेली पाहिजे, मंत्र्यांच्या मेहरबानीची वाट न बघता. तार, मनोरा की बशी, हे त्या गावाला ठरवू द्या, आणि एकाच कंपनीच्या दावणीला गाव बांधू नका.

सरकार म्हणेल, सेवा बंद होती याला पुरावा काय? म्हणून प्रत्येक गावाने एक वही घालावी. कोणत्या तारखेला, किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत इंटरनेट बंद होते, त्या दिवशी किती जणांची नोंदणी अडली, हे लिहावे. खाली सरपंच किंवा ग्रामसेवकाची सही घ्यावी, ते देत नसतील तर पाच शेतकऱ्यांच्या सह्या. पोरांपैकी कुणाला तरी हे काम नेमून द्या. वही बैठकीला बरोबर आणा. सगळ्या वह्या ठरावाला जोडूनच जिल्हाधिकाऱ्यांकडे द्यायच्या आहेत.