आधी नोंद करा, मग रस्ता

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, सांगली
मा. आयुक्त, सांगली, मिरज आणि कुपवाड शहर महानगरपालिका
मा. सहायक संचालक, राज्य पुरातत्त्व विभाग

महोदय,

कुपवाडचे नाव काढले की लोकांना एमआयडीसी आठवते. त्या शेडच्या आधीही इथे गाव होते, आणि 9 फेब्रुवारी 1998 रोजी महानगरपालिका झाली तेव्हा ते गाव गावठाणासकट शहरात आले. घरांची मोजणी झाली, घरपट्टी लागू झाली. गावातल्या जुन्या शिळा, देवळे, थडगी, विहिरी यांची अशी मोजणी झाली का, हे विचारायला हे पत्र आहे. यादी दप्तरात असेल तर ती लोकांसमोर ठेवा. नसेल तर करायला घ्या, आणि ती होईपर्यंत सांगली, मिरज, कुपवाड या तिन्ही ठिकाणच्या गावठाणांत जुन्या अवशेषांची नोंद घेतल्याशिवाय जेसीबी लावू नका.

आपल्या जिल्ह्याची नोंद विखुरली, त्याला कारण आहे. दक्षिण सातारा जिल्हा 1949 साली झाला, 1960 मध्ये त्याचे नाव सांगली पडले. त्याआधी तासगाव, वाळवा, खानापूर हे तालुके साताऱ्यात होते. सांगली, मिरज, जत ही संस्थाने. आटपाडी औंध संस्थानात. त्यामुळे एका भागाची माहिती 1885 च्या सातारा गॅझेटिअरमध्ये मिळते, तर मिरज-सांगलीसाठी 1886 चा कोल्हापूरचा खंड उघडावा लागतो. हेन्री कझिन्स यांनी मुंबई इलाख्यातल्या अवशेषांची यादी 1897 मध्ये छापली. ती आजही उपयोगी पडते. पण गाव आणि वास्तूचे नाव एवढ्यावर आज जागा सापडत नाही. सर्व्हे नंबर बदलले, प्लॉट पडले, जुन्या वाटा गेल्या.

संरक्षित स्मारकांची काळजी घेतली जाते, असे उत्तर येईल. केंद्राचा 1958 चा आणि राज्याचा 1960 चा कायदा अधिसूचित स्मारकांसाठी आहे. तिथेही नोंद कच्ची राहिली की काय होते ते आपण पाहिले आहे. कॅगने 2013 च्या अहवालासाठी 1,655 केंद्र-संरक्षित स्मारकांची प्रत्यक्ष पाहणी केली, तेव्हा 92 जागेवर सापडली नाहीत. शोधाशोधीत बरीच सापडली. तरी डिसेंबर 2022 मध्ये संस्कृती मंत्रालयाने संसदीय समितीला सांगितले की 50 स्मारके गेली: 14 वाढत्या शहरांनी गिळली, 12 धरणांच्या पाण्याखाली, आणि 24 चा ठावठिकाणाच नाही. त्या 24 मध्ये पुण्यातले एक जुने युरोपीय थडगेही आहे. दिल्लीच्या राजपत्रात नाव असलेल्या थडग्याची ही गत, तर पारावरच्या बेनामी दगडाला वाली कोण?

वीरगळ घ्या. गावोगावी देवळाच्या आवारात किंवा पिंपळाखाली तो उभा असतो, कधी आडवा पडलेला, कधी पायरीला लावलेला. खालच्या चौकटीत झुंज, बऱ्याचदा मागे गुरे, म्हणजे माणूस गावची जनावरे सोडवताना पडला. मधल्या चौकटीत अप्सरा त्याला वर नेतात. वरती तो शिवलिंगासमोर हात जोडून बसलेला, आणि माथ्यावर चंद्रसूर्य, ते आहेत तोवर त्याची कीर्ती राहावी म्हणून. गावासाठी मेलेल्या साध्या माणसाचे एवढे एकच स्मारक. त्याच्यावर ऑइलपेंटचे थर चढतात, शेंदरात झुंज बुजते, आणि गटारीचे काम निघाले की मुकादम तो दगड भरावात टाकतो. मुकादमाला दोष कसा द्यावा? हा दगड हलवायचा नाही, असे सांगणारा एक कागद त्याच्या हाती कुणी दिलेला नाही.

तो कागद आपण द्यायचा आहे. त्याला निधीची वाट पाहावी लागत नाही. फोटो, लांबी-रुंदी, सिटी सर्व्हे किंवा गट क्रमांक, अक्षांश-रेखांश, सध्याची अवस्था, पाहणीची तारीख, पाहणी करणाऱ्याचे नाव. अक्षरे कोरलेली असतील तर जाणकाराकडून ठसा घ्या. देवनागरी, कन्नड, फारसी, या भागात तिन्ही लिप्या भेटतात. 2020 च्या एकत्रित विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीत वारसा वास्तूंची यादी करण्याची तरतूद आहेच. मात्र ती यादी वाडे आणि मोठ्या इमारतींवर थांबू नये. आणि नोंद एकाच रजिस्टरात नको. 2005, 2019 आणि 2021 चा महापूर पाहिलेल्या जिल्ह्यात एकुलती एक प्रत ठेवणे म्हणजे ती नदीला देणे.

वासुदेवशास्त्री खरे मिरजेत शाळामास्तर होते. पटवर्धनांच्या दप्तरातले रुमाल सोडून त्यांनी कागद वाचले, तारखा लावल्या आणि 1897 पासून ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ खंडाखंडाने छापला. पेशवाईच्या उत्तरकाळावर लिहिणाऱ्याला आजही त्या खंडांकडे वळावे लागते. एका शिक्षकाने जे केले, त्याच्या मानाने आपल्या हाती तलाठी आहेत, भूमापक आहेत, नगररचना विभाग आहे.

सुरुवात कुपवाडपासून करा; गावठाण लहान आहे. भूमापक, प्रभाग कार्यालयाचा अभियंता आणि पुरातत्त्व विभागाचा जाणकार यांना एकत्र पाठवा. यादीचा मसुदा प्रभाग कार्यालयाच्या फलकावर लावा, हरकती व दुरुस्त्यांना मुदत द्या. टेप धरायला आणि म्हाताऱ्या माणसांकडून जागांची जुनी नावे विचारून घ्यायला आम्ही गावकरी येतो. फक्त दिवस कळवा.

आपला,
कुपवाडचा एक रहिवासी