माळावरचा साग

बोरगाव-सौंसर मागे टाकून छिंदवाड्याच्या दिशेने निघाले की संत्र्याच्या बागा विरळ होतात आणि सिल्लेवानी घाटाकडच्या टेकड्या लागतात. चैत्र-वैशाखात त्या पाहून प्रवासी ‘उजाड माळ’ असा निकाल देऊन मोकळा होतो. हा निकाल घाईचा आहे.

काळ्या जमिनीत ओल टिकते. मुरमाड, रेताड जमिनीतून पाणी लगेच निघून जाते. तेथे जगायचे तर खर्च आवरावा लागतो. म्हणून साग उन्हाळ्याच्या तोंडी पाने ढाळतो. जेथे तोही खुरटतो, त्या खडकाळ माथ्यांवर सालई उभी असते. गुरे तिला सहसा तोंड लावत नाहीत. (नेपानगरच्या कारखान्यात वृत्तपत्रांचा कागद हिच्या लाकडापासून होत असे. ‘निरुपयोगी’ म्हणविणाऱ्या झाडाने आपल्या कितीतरी सकाळी सजविल्या!)

खरा संसार मात्र जमिनीखाली. सागाचे वीतभर रोप उन्हाळ्यात वाळते, वणव्यात जळते. मूळ जिवंत राहते. पावसाबरोबर नवा कोंब येतो, पुन्हा जळतो. असे वर्षानुवर्षे चालते, आणि दर पावसाळ्यात मूळ थोडे पोसत जाते. पुरेसा साठा झाला की एखाद्या वर्षी कोंब असा उसळतो की ज्वाळांच्या आवाक्याबाहेर जातो. अमेरिकेतल्या रेताड भागांतील ओकवृक्षांचीही हीच रीत: वर कोवळा कोंब, खाली जुने मूळ.

मोहफुले वेचता यावीत, तेंदूला नवी पालवी फुटावी म्हणून आपल्याकडे पाचोळा पेटवितात. क्वचित लागलेली आग हे वन सोसते. दरसाल लागली तर कोंबाला वर येण्याची फुरसत मिळत नाही, आणि उघडी पडलेली माती पहिल्या पावसातच वाहून जाते.

पण आगीला न मरणारे मूळ यंत्राच्या पंज्याखाली मरते. २०२३ साली पांढुर्णा जिल्हा झाला. नव्या जिल्ह्याला रस्ते हवेत, इमारती हव्यात, म्हणजे मुरूमही हवाच. तो कोठून काढावा, हे ठरविताना ‘पडीक’ या एका शब्दावर विसंबू नये. वृक्षारोपणाचे खड्डेही याच भरवशावर खणले जातात, हे विशेष.

आषाढात अशा माळावर एक फेरी मारावी. मोठ्या, खरखरीत पानांचे कोंब दिसतील. कोवळे पान चुरडून बोटे लाल झाली, तर तो साग. असे कोंब भरपूर असतील तेथे खड्डे नकोत. काही वर्षे आग, कुऱ्हाड आणि चराई आवरावी.