न दिसणारे अपंगत्व

‘अपंग’ म्हटले की कुबडी किंवा पांढरी काठी आपल्या डोळ्यांपुढे येते. सिकलसेलने ज्याची हाडे ठणकतात त्या मुलास मात्र शेजारीपाजारी आळशी ठरवितात. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे ७ प्रकार होते. २०१६ च्या कायद्याने ते २१ केले आणि त्यांत सिकलसेलही घेतला. ४० टक्के वा अधिक अपंगत्व प्रमाणित झाल्यास ६ ते १८ वर्षांच्या मुलास मोफत शिक्षणाचा हक्क लाभतो. तिगाव परिसरातील ज्या घरी असे मूल असेल त्यांना आम्ही विनवितो: त्यास संत्र्याच्या बागेत भर उन्हात राबवू नका, पाणी भरपूर पाजा, ताप येताच दवाखाना गाठा आणि सरकारी रुग्णालयात प्रमाणपत्राची चौकशी अवश्य करा.